स्मरणशक्ती कोणाच्या मालकीची?

स्मरणशक्ती ही वाडवडिलांकडून चालत आलेली इस्टेट आहे, की ज्याने त्याने घाम गाळून मिळवावयाची कमाई आहे, हा प्रश्न वरवर पाहता मानसशास्त्राच्या पंडितांचा वाटतो. परंतु तो शाळेच्या वर्गात, कारखान्यातील भरतीच्या टेबलापाशी आणि आपल्या घरोघर रोज निकालात काढला जात असतो. मुलाला पाढे पाठ होईनात, की "ह्यांच्या घराण्यातच डोके नाही" असे म्हणून मास्तर मोकळे होतात. दुसऱ्याने श्लोक घडाघडा म्हटले, की "रक्तातच आहे" असे म्हणून शेजारी मोकळे होतात. दोन्ही वेळा उत्तर एकच, आणि दोन्ही वेळा ते न तपासता दिलेले. हे उत्तर आले कोठून, ते कोणी तपासून पाहिले, आणि आजच्या जनुकशास्त्राच्या हाती या बाबतीत काय लागले आहे, याचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. कामगारांत वावरून आणि मिळेल ते वाचून जे शिकलो तेवढीच आमची शिदोरी. परंतु ज्या उत्तरावर कामगाराच्या मुलाचे भवितव्य ठरते ते उत्तर केवळ तज्ज्ञांवर सोपवून स्वस्थ बसणे आम्हांला परवडणारे नाही.

महाराष्ट्रात स्मरणशक्तीचा विषय निघाला की प्रथम वेदपाठशाळा आठवते, आणि ते योग्यच आहे. लेखणीचा आधार न घेता एवढे मोठे वाङ्मय स्वरासकट जतन करणे हा मानवी स्मृतीचा अलौकिक पराक्रम होय. तो साधला कसा, हे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. संहिता, पद, क्रम, जटा, घन असे एकाहून एक अवघड पाठ रचलेले असून त्यांत तेच शब्द पुढून, मागून, पुन्हा पुढून जोडून म्हणावयाचे असतात. एक शब्द निसटला तर पुढचा पाठ तेथेच अडतो आणि चूक उघडी पडते. घनपाठी होण्यासाठी लहानपणापासून वर्षानुवर्षे रोज तासन्‌तास घोकावे लागते. म्हणजे ही शिस्तीने शिकविलेली कारागिरी आहे. सुतार किंवा सोनार आपल्या मुलाला हात धरून शिकवितो तशीच. ती शिकण्याचा अधिकार जन्मावर ठेवला गेला, आणि मग अधिकार ज्यांना होता त्यांच्यापाशीच ती विद्या दिसू लागली. त्यावरून विद्या जन्मानेच येते असा निष्कर्ष काढणे म्हणजे विहिरीला कुलूप घालून शेजाऱ्याला तहानच लागत नाही असे म्हणण्यासारखे आहे.

ज्यांना हा अधिकार नव्हता त्यांच्या घरी स्मृती होती की नाही? पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांना विचारावे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहातील ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे. त्या गाणाऱ्या बहुतेक बायांना अक्षरओळख नव्हती. आता या ओव्या एका पिढीकडून दुसरीकडे गेल्या कशा? काही आईकडून लेकीकडे गेल्या, हे खरे. परंतु लेक लग्न होऊन परघरी गेली, आणि तेथे सासूच्या, जावेच्या जात्याला तिने हात लावला. सासू आणि सून यांचे रक्ताचे नाते नसते. तरी ओवी सासूकडून सुनेकडे गेली. एका खुंट्याला दोन हात लागले एवढे तिला पुरेसे झाले. रक्तावाचून स्मृती कशी वाहते याचा याहून सुंदर पुरावा आम्हांला ठाऊक नाही.

आता हे "रक्ता"चे प्रकरण शास्त्राच्या दरबारात कसे शिरले ते पाहू. १८६९ साली इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन यांनी आनुवंशिक प्रतिभेवर एक ग्रंथ लिहिला. न्यायाधीश, मुत्सद्दी, शास्त्रज्ञ यांच्या वंशावळी त्यांनी तपासल्या. मोठ्या माणसांचे नातलगही मोठे निघतात असे त्यांना आढळले, आणि बुद्धी वंशाने येते असा निर्णय त्यांनी दिला. न्यायाधीशाच्या मुलाला बापाची बुद्धीच काय ती मिळते, बापाचा पैसा, बापाची शाळा व बापाच्या ओळखी मिळत नाहीत, असेच जणू गृहीत धरले होते! पुढे १८८३ साली त्यांनीच सुप्रजननशास्त्राला त्याचे इंग्रजी नाव दिले. हिंदुस्थानात १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड वंशाशी जोडून दाखविण्याचा खटाटोप केला. आपल्याकडील काही विद्वानांना हे फारच सोयीचे वाटले. चातुर्वर्ण्य म्हणजे पूर्वजांनी बी निवडून केलेली माणसांची शेतीच होय, असे मग भर सभांतून सांगितले जाऊ लागले.

या विचाराला महाराष्ट्रातून जी उत्तरे मिळाली ती आपल्या इतिहासात अभिमानाने नोंदवावी अशी आहेत. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो, असे सांगून त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. कोणाच्या डोक्यात काय आहे याचा वाद घालण्याआधी सर्वांना शाळेत बसवा, असा त्या मागणीचा अर्थ आम्ही घेतो. १९१७ साली कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तो त्याच वाटेवरचा.

१९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी एक भाषण लिहिले. मंडळाला ते झेपले नाही. सभाच रद्द झाली. न दिलेले ते भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापले आणि ते अजून वाचले जाते. जातीमुळे वंशशुद्धी राखली जाते या म्हणण्याचा त्यांनी त्यात समाचार घेतला आहे. पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यापेक्षा पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार हेच वंशाने एकमेकांना जवळचे आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. त्या वेळी तो वादातील मुद्दा होता. मोजमाप पुढे व्हावयाचे होते.

ते मोजमाप करणाऱ्यांत एक मराठी बाई अग्रभागी होत्या, हे आज थोड्यांनाच ठाऊक असेल. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि मानववंशशास्त्राच्या एका नामांकित संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करू लागल्या. युरोपीय माणसाची विचारशक्ती श्रेष्ठ असते आणि त्याची खूण कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकात सापडेल, अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. डाव्या-उजव्या बाजूंत फरक निघाला; पण त्याचा वंशाशी संबंध निघाला नाही. गुरूच्या मताविरुद्ध गेलेला हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात तसाच लिहिला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यांच्या संस्थेचे शास्त्र सक्तीच्या वंध्यीकरणाच्या कायद्याच्या दिमतीला उभे राहिले. परदेशातून आलेल्या एका विद्यार्थिनीने मोजपट्टीशी इमान राखले होते, हे त्या काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर अधिकच उठून दिसते.

पुढे मुंबईतच या कामाला निराळे वळण लागले. १९४९ साली ल. द. संघवी आणि वसंत रामजी खानोलकर या दोघांनी मुंबईतील सहा गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सर्व गट आपल्यातच लग्ने करणारे होते. त्यांच्यात रक्तगटासारखे सात आनुवंशिक गुण किती प्रमाणात आढळतात हे त्यांनी मोजले. फरक आढळले ते प्रमाणाचे. एखादा रक्तगट एका जातीच्या मालकीचा आणि दुसरीत मुळीच नाही, असा कारभार निसर्गाने केलेला नाही. १९६८ साली इरावतीबाईंनी कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह एकाच सामाजिक पायरीवरील आठ गटांची तुलना केली. पायरी एक म्हणून रक्तही एक, असे त्यांना आढळले नाही. समान दर्जाच्या जाती एकाच कुळातून फुटलेल्या नसतात, हा त्यांचा सिद्धांत त्यातून बळकट झाला. १९७२ साली रिचर्ड लेवोंटिन यांनी जगभरच्या आकड्यांवरून दाखविले, की माणसामाणसांतील एकूण आनुवंशिक भिन्नतेपैकी सुमारे ८५ टक्के भिन्नता प्रत्येक समाजाच्या आतच असते. म्हणजे वाकोल्याच्या एका चाळीत जी विविधता भरलेली आहे, तीत मानवजातीच्या विविधतेचा मोठा हिस्सा येऊन गेला.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग जनुकांचा स्मृतीशी संबंधच नाही काय? असे म्हणणे खोटे ठरेल, आणि खोट्याच्या पायावर आपली चळवळ उभी राहू नये. संबंध आहे. १९७६ साली अमेरिकेत सीमूर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीचा एक प्रकार सापडला. एका वासाबरोबर विजेचा झटका बसतो हे इतर माश्या शिकत. या माशीला ते शिकता येत नसे. एका जनुकात बिघाड, आणि शिकण्यात खोट! आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी त्याच फळमाशीच्या चवीच्या व वासाच्या संवेदनांचा जनुकांच्या मार्गाने माग काढला. माणसाच्या बाबतीत एकरूप व साध्या जुळ्यांची तुलना करता, स्मरणशक्तीत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला अर्ध्याच्या आसपास भाग जनुकांच्या फरकाशी निगडित आहे, असा साधारण अंदाज निघतो.

पण ही भिन्नता कशी काम करते, हे पाहण्यासाठी सांताक्रूझकरांना दूर जावयास नको. २६ जुलै २००५ चा दिवस आठवा. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. त्याच काळात कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री कोण कोठे अडकले होते, कोणाच्या खांद्यावर कोणाचे मूल होते, हे त्या दिवशी येथे असलेला माणूस तारखेसह सांगेल. त्याच्या आदल्या आठवड्यातील मंगळवारी काय जेवला हे सांगू शकणार नाही. भीती व हळहळ यांनी आठवण घट्ट कोरली जाते, हा सर्वांचा सामाईक स्वभाव. मात्र कोरण्याची खोली माणसागणिक थोडी कमीअधिक असते. २००७ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी दाखविले, की मेंदूतील एका रासायनिक संदेशाशी संबंधित अशा जनुकाचा एक विशिष्ट प्रकार ज्यांच्यात असतो, त्यांना भावना हेलावणारी चित्रे अधिक आठवतात. रुआंडातील नरसंहारातून वाचलेल्या निर्वासितांतही तोच प्रकार असणाऱ्यांना ते भयंकर प्रसंग अधिक वेळा पुन्हा पुन्हा छळीत. यांत दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, तोच जनुकप्रकार युरोपात आहे व आफ्रिकेतही आहे. तो कोणा वंशाची ठेव नव्हे. दुसरी, "चांगली" स्मृती नेहमी वरदानच असते असे नाही. विसरता येणे हीही माणसाची गरज आहे.

२००६ साली "किब्रा" नावाच्या जनुकाचा एक प्रकार शब्द आठवण्यास थोडा उपकारक असल्याचे प्रसिद्ध झाले. अशा एकेका जनुकाचा परिणाम अगदी लहान असतो, आणि सर्वच शोध पुढच्या तपासणीत सारखे टिकलेले नाहीत. शेकडो जनुके मिळून थोडेथोडे काम करतात. कोणी एकच मुकादम नाही.

एक जनुक मात्र म्हातारपणी खरोखरच जड जाते. १९९३ साली अमेरिकेत आढळले, की "एपोई" या जनुकाचा चौथा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना अल्झायमरचा स्मृतिभ्रंश होण्याचा धोका अधिक असतो. हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत आणि अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाच्या एका खोऱ्यात याची तुलना केली गेली व २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तो जनुकप्रकार बल्लभगढात सुमारे ७ टक्के आणि पेन्सिल्व्हेनियात ११ टक्के निघाला. ज्यांच्यात तो होता त्यांचा वाढलेला धोका मात्र दोन्हीकडे सारखाच. या अभ्यासातील आणखी एक बाब आम्हांला विशेष मोलाची वाटते. स्मृतिभ्रंश ओळखण्याची जी परदेशी चाचणी चालत आली होती तीत वाक्य वाचणे, वाक्य लिहिणे, शंभरातून सात-सात वजा करणे असे प्रश्न होते. शाळेत न गेलेला शेतकरी त्यांत नापास होणारच! म्हणून संशोधकांनी निरक्षर वृद्धांसाठी ती चाचणी हिंदीत नव्याने रचली. तसे केले नसते तर निरक्षरतेला रोग आणि सरकारच्या हलगर्जीपणाला आनुवंशिक दोष असे नाव पडले असते. भरतीच्या आणि बढतीच्या किती परीक्षांत आजही हेच घडते, याचा हिशेब कोणी तरी मांडला पाहिजे. आपला बिल्ला नंबर, कामावर लागल्याची तारीख आणि दहा वर्षांतील प्रत्येक पगारकपात तोंडपाठ सांगणारा अंगठेबहाद्दर कामगार आम्ही अनेकदा पाहिला आहे.

"अर्धा भाग जनुकांचा" या वाक्याचाही नीट अर्थ लावला पाहिजे. चाळीचा सार्वजनिक नळ डोळ्यांसमोर आणा. पाणी दोन तास भरपूर आले तर प्रत्येकाचे भांडे भरते. मग कोणाकडे किती पाणी हे भांड्याच्या आकारावर ठरते. पाणी दहाच मिनिटे आले तर रांगेत पुढे कोण होता यावर ठरते. मागच्याचा हंडा मोठा असून रिकामाच राहतो. म्हणजे भांड्याच्या आकाराला किती महत्त्व, हे भांड्यावर नव्हे, नळावर अवलंबून आहे. ही नुसती उपमा नव्हे. २००३ साली अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्यांच्या बुद्धिमापनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुखवस्तू घरांत मुलांमुलांतील फरक बहुतांशी जनुकांमुळे, तर गरीब घरांत तो जवळजवळ सर्वस्वी परिस्थितीमुळे, असे त्यात आढळले. पुढे अनेक देशांचे आकडे एकत्र केले तेव्हा पश्चिम युरोपात आणि ऑस्ट्रेलियात हा भेद दिसला नाही. शाळा, दवाखाना व बेकारभत्ता तेथे गरिबापर्यंत अधिक सारखा पोचतो, हे त्याचे एक संभवनीय कारण सांगितले जाते.

आणि भांड्याचा आकारही कायमचा ठरलेला नसतो. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळविण्यासाठी सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरिन वुलेट यांनी ७९ उमेदवारांच्या मेंदूंची चित्रे शिकण्यापूर्वी आणि काही वर्षांनी पुन्हा घेतली. निष्कर्ष २०११ साली आले. आरंभी सारे सारखेच होते. जे ३९ उत्तीर्ण झाले त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या भागाची मागची बाजू वाढलेली दिसली. इतरांची वाढली नव्हती. २०१६ साली आपल्याकडील २१ वैदिक पंडितांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही स्मृतीशी व भाषेशी संबंधित भाग इतरांहून भरदार आढळले. लंडनचा टॅक्सीवाला आणि घनपाठी वैदिक या दोघांना एकाच ओळीत बसवावयास जुन्या शास्त्रीबुवांनी नकार दिला असता. मेंदूने दिला नाही.

नारायण सुर्वे यांचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. १९२६ च्या सुमारास एक तान्हे मूल मुंबईच्या रस्त्यावर टाकलेले गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांना सापडले. त्यांनी व काशीबाईंनी ते वाढविले, आपले नाव दिले, शाळेत घातले. त्या मुलाचे कूळ कोणते, जनुके कोणती, हे कोणालाच कधी कळले नाही. कदाचित ती असामान्य असतील. आमचे काही म्हणणे नाही. परंतु गंगारामांनी ते मूल उचलण्याआधी त्याचे गोत्र विचारले नाही, म्हणून मराठीला तो कवी मिळाला, आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाला अध्यक्ष मिळाला. जी मुले कोणी उचलली नाहीत त्यांची जनुके कशी होती, हे कोणतीही प्रयोगशाळा आता सांगू शकणार नाही.

तेव्हा स्मरणशक्तीत जन्माचा वाटा आहे, हे आम्ही मान्य करतो. तो घराघरांत, भावाभावांत वेगळा पडतो आणि कोणत्याही जातीच्या सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही, हेही त्याच शास्त्राने सिद्ध केले आहे. जनुके बदलणे आपल्या हाती नाही. परंतु गर्भारपणी आईला आयोडीनयुक्त मीठ व पोटभर अन्न मिळावे, पोराच्या रक्तात लोह असावे, त्याला पुरती झोप मिळावी, हे आपल्या हाती आहे. दिवसा शिकलेले रात्रीच्या झोपेत पक्के होते असे शास्त्र सांगते. विमानतळावर रात्रपाळी करून आलेला बाप आणि त्याच दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास करणारे मूल यांच्या झोपेचा प्रश्न हा म्हणून स्मरणशक्तीचाच प्रश्न आहे. गोळीबार, वाकोला, कलिना येथील प्रत्येक वस्तीत रात्री उशिरापर्यंत दिवा जळणारी एक अभ्यासिका नगरपालिकेकडून मागून घेणे, हे या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना जमण्यासारखे काम आहे. नळ सर्वांना सारखा सोडा. भांड्यांची मापे मग सवडीने काढता येतील.